१०० डॉक्टर, ८० औषधयोजना: सापडलेल्या डॉक्टरांवरून काय ठरवता येते?

या टिपणात मुंबईतील क्षयरोगावरचे तीन अभ्यास वाचायचे आहेत. तुमच्यापैकी बहुतेकांना क्षयरोग अभ्यासक्रमात नाही, मलाही नव्हता. मी बेंगळुरूत अभियांत्रिकी शिकवतो. पण आमच्याकडे, आणि तुमच्याकडेही, अंतिम वर्षाच्या निम्म्या प्रकल्पांत आता ‘आरोग्य’ हा शब्द असतो, आणि त्या अहवालांत ‘आम्ही डॉक्टरांचे सर्वेक्षण केले’ असे एक प्रकरण असते. ते प्रकरण कसे वाचायचे आणि कसे लिहायचे, यासाठी हे तीन अभ्यास मला फार उपयोगी वाटतात. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: यातले डॉक्टर संशोधकांना सापडले कुठे?

आधी हे सगळे कशासाठी, ते सांगतो. साध्या क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांचा असतो आणि त्याची सुरुवात चार औषधांनी एकत्र होते. त्यातले एखादे औषध गाळले, मात्रा कमी पडली किंवा उपचार मध्येच थांबला, तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग तो रुग्ण घरातल्या माणसांना जो क्षय देतो त्यावर ती नेहमीची औषधे चालत नाहीत. म्हणजे डॉक्टरने कागदावर काय लिहिले याचे परिणाम त्या एका रुग्णापुरते राहत नाहीत. भारतात खोकला झालेला माणूस बहुधा आधी गल्लीतल्या खासगी दवाखान्यात जातो. तेव्हा खासगी डॉक्टर क्षयावर काय लिहून देतात हे माहीत असणे ही चैन नव्हे. आणि हेच डॉक्टर सर्वेक्षणाला सर्वांत कमी सापडतात.

पहिला अभ्यास १९९१चा. मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी तो ‘ट्युबरकल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. धारावी परिसरातल्या खासगी डॉक्टरांना क्षयाच्या रुग्णासाठी काय लिहून द्याल असे विचारले. सुमारे १०० डॉक्टरांनी ८० वेगवेगळ्या औषधयोजना लिहिल्या. हा आकडा क्षयरोगाच्या जगात म्हणीसारखा झाला आहे. पुढची तीस वर्षे ‘खासगी क्षेत्रात गोंधळ आहे’ असे म्हणायचे असले की तोच उद्धृत होत आला.

दुसरा अभ्यास २०१०चा. झरीर उदवाडिया, लॅन्सलॉट पिंटो आणि तेच उपळेकर. ‘प्लॉस वन’मध्ये आलेल्या या लेखाच्या शीर्षकातच प्रश्न होता, दोन दशकांत काही बदलले का? यावेळी १०६ डॉक्टर होते आणि त्यांनी ६३ वेगवेगळ्या औषधयोजना लिहिल्या. बरोबर लिहिणारे फक्त ६ निघाले. बहुऔषध-प्रतिरोधी क्षयासाठी योग्य उपचार लिहू शकले ते तिघे. उत्तर स्पष्ट दिसते: काही बदलले नाही.

इथे थांबा आणि आपला प्रश्न विचारा. १९९१चे डॉक्टर एका वस्तीतले होते. २०१०चे डॉक्टर एका सीएमईला, म्हणजे निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमाला, आलेले होते. प्रश्नावली तिथेच भरून घेतली गेली. दोन्ही अभ्यास मुंबईचे, प्रश्न जवळजवळ सारखाच, पण दार वेगळे. पहिल्यात भूगोलाच्या दाराने डॉक्टर आत आले, दुसऱ्यात शिक्षणाच्या. संध्याकाळचा दवाखाना बंद ठेवून व्याख्यान ऐकायला येणारा डॉक्टर हा सरासरी डॉक्टर असतो का? माझ्या मते नसतो. तो थोडा जास्त वाचणारा, संघटनेशी जोडलेला, किंवा निदान आपल्याला काही शिकायचे आहे असे मानणारा असण्याची शक्यता जास्त.

आता गंमत पाहा. या पक्षपातामुळे २०१०चा एक निष्कर्ष कच्चा होतो आणि दुसरा पक्का होतो. संख्याशास्त्रात अशा एका बाजूला झुकलेल्या चुकीला ‘अभिनती’ म्हणतात. अभिनती दिसली की सगळा अभ्यास फेकून द्यायचा, अशी सवय विद्यार्थ्यांना लागते. ती चुकीची आहे. अभिनती कोणत्या दिशेला आहे हे आधी बघायचे असते.

पक्का होणारा निष्कर्ष असा: शिकायला आलेल्या डॉक्टरांतही बरोबर लिहिणारे १०६त ६ असतील, तर जे आलेच नाहीत त्यांच्यात प्रमाण याहून चांगले असण्याचे कारण दिसत नाही. नमुना उजव्या बाजूला झुकलेला होता, तरीही निकाल वाईट आला. म्हणून ‘परिस्थिती गंभीर आहे’ हे विधान सोयीने निवडलेल्या नमुन्यावरूनही ठामपणे करता येते. उलट, त्याच सीएमईत १०६पैकी ९० डॉक्टरांनी बरोबर लिहिले असते, तर त्यावरून मुंबईबद्दल काहीच म्हणता आले नसते. वाईट बातमी देताना जो नमुना चालला, तो चांगली बातमी देताना चालला नसता. हे वाचायला विचित्र वाटेल, पण कागदावर मांडून पाहा म्हणजे पटेल.

कच्चा होतो तो ‘दोन दशकांत’ या शब्दांचा भाग. ८०वरून ६३ ही घट आहे का? आधी एक छोटी तांत्रिक अडचण. ‘किती वेगवेगळ्या योजना’ ही सरासरी नव्हे, ती मोजदाद आहे. नमुना वाढवला की ती वाढते, पण नमुन्याच्या प्रमाणात वाढत नाही. वर्गात मुले दुप्पट केली म्हणून वेगवेगळ्या वाढदिवसांची संख्या दुप्पट होत नाही, तसेच. सुदैवाने इथे १०० आणि १०६ जवळचे आकडे आहेत, म्हणून ती अडचण फार सतावत नाही. खरी अडचण दाराची आहे. ८०चे ६३ झाले ते डॉक्टर सुधारले म्हणून, की १९९१ला वस्तीतले डॉक्टर विचारले आणि २०१०ला व्याख्यानाला आलेले विचारले म्हणून? त्या दोन आकड्यांत हे वेगळे करून दाखवण्याची ताकद नाही. सुधारणा झालीच नाही असेही त्यांवरून सिद्ध होत नाही. कदाचित वस्तीत परिस्थिती होती तशीच राहिली असेल, कदाचित बिघडलीही असेल.

तुमच्यापैकी कोणी लगेच विश्वासांतर काढील. ६ भागिले १०६ म्हणजे ५.७ टक्के; ९५ टक्के विश्वासांतर साधारण ३ ते १२ टक्के. हिशेब बरोबर आहे. पण ते सूत्र गृहीत धरते की हे १०६ जण चिठ्ठ्या टाकून निवडले होते. सीएमईच्या दाराने आलेल्यांसाठी ते अंतर काढणे म्हणजे वाकड्या पट्टीवर सूक्ष्ममापकाने मोजणे. दशांशस्थळे मिळतात, लांबी मिळत नाही.

याबाबत आपल्याकडची एक जुनी गोष्ट आठवते. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नमुना-सिद्धांतातले जगन्मान्य नाव. पीक-कापणीच्या प्रयोगांवरून त्यांचे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे मतभेद झाले होते. शेतात लहानसा तुकडा आखून कापणी केली की उत्पादन फुगून दिसते, असे सुखात्मे यांचे म्हणणे होते. कारण तुकड्याच्या कडेवरची रोपे कापणारा नकळत आत धरतो, आणि तुकडा जितका लहान तितकी कड प्रमाणाने जास्त. शेत तेच, पीक तेच, पण विळा कुठून कसा फिरवला यावर उत्तर बदलते. सर्वेक्षण करणाऱ्याच्या हातात असाच विळा असतो.

तिसरा अभ्यास या सगळ्यावर एक धीट तोड काढतो: डॉक्टरांना विचारायचेच नाही. २०१८ साली ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये मुंबई आणि पाटणा या शहरांतला एक मोठा अभ्यास आला. त्यात ‘प्रमाणित रुग्ण’ वापरले होते. म्हणजे ठरलेली लक्षणे सांगायला तयार केलेली माणसे साधा रुग्ण म्हणून दवाखान्यात गेली, पैसे देऊन तपासून घेतले, आणि बाहेर येऊन डॉक्टरने काय विचारले, कोणती चाचणी सांगितली, काय लिहून दिले याची नोंद केली. चार प्रकारची प्रकरणे, दोन शहरांत मिळून १,२००च्या आसपास दवाखाने आणि अडीच हजारांवर भेटी. योग्य हाताळणी सुमारे ३७ टक्के भेटींत झाली.

या पद्धतीत नकार नाही, ‘डॉक्टर बिझी आहेत’ नाही, चांगले दिसण्यासाठी दिलेले उत्तरही नाही. मला ती फार आवडते. तरी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. एक, दवाखान्यांची यादी इथेही लागतेच. या दोन शहरांत खासगी डॉक्टरांना क्षयरोग-कार्यक्रमाशी जोडण्याचे प्रकल्प चालू होते आणि त्यांच्या नकाशांचा आधार होता. तुमच्या शहरात तो असेलच असे नाही. दोन, ३७ टक्के आणि १०६पैकी ६ हे आकडे शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ म्हणू नका. २०१०च्या अभ्यासात ‘बरोबर’ म्हणजे अचूक औषधयोजना. २०१८मध्ये बरोबर म्हणजे थुंकीची तपासणी किंवा क्ष-किरण सांगणे, योग्य ठिकाणी पाठवणे, अशा गोष्टी. एकात हातचे लिखाण तपासले, दुसऱ्यात वागणूक. जाणणे आणि करणे यांत अंतर असते हे बिहारमध्ये बालकांच्या जुलाबांवर झालेल्या, २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दिसले. तिथे तेच वैद्यकीय व्यावसायिक तोंडी प्रश्नाला एक उत्तर देत होते आणि दारात आलेल्या ‘रुग्णा’ला दुसरेच काही देत होते.

तिसरी गोष्ट नैतिक. इथे डॉक्टरची पूर्वसंमती प्रत्येक भेटीआधी घेता येत नाही, कारण घेतली तर प्रयोगच संपतो. अशी सूट देण्याचा अधिकार नैतिकता समितीचा असतो, आणि ती सूट सार्वजनिक हित मोठे असेल, डॉक्टरचे नाव कुठे येणार नसेल, आणि त्याच्या वेळेचे मोल दिले जात असेल तरच मिळते. पदवीच्या विद्यार्थ्याने स्वतःच ठरवून खोटा रुग्ण बनून दवाखान्यात जाऊ नये. हे मी गमतीने लिहीत नाही. अशी कल्पना दर दोन वर्षांनी कुणी तरी उत्साहाने मांडतो.

आता प्रश्न उलटा करू. डॉक्टर सापडत का नाहीत? विद्यार्थ्यांचे ठरलेले उत्तर: त्यांना वेळ नसतो. हे खरे, पण अपुरे. आपल्याकडच्या खासगी दवाखान्याची रचना बघा. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास, बाहेर बाकावर रुग्ण, दारात कंपाउंडर, आणि रुग्णांच्या रांगेशेजारी बॅग घेऊन बसलेला औषध-कंपनीचा प्रतिनिधी. त्या दारातून आत जाणारा माणूस एक तर पैसे देणारा असतो, नाही तर काही विकणारा. तुम्ही दोन्ही नसता, म्हणून तुम्ही तिसरे कोणी तरी ठरता: तपासणीला आलेले. क्षयरोगापुरते बोलायचे तर २०१२च्या मे महिन्यात केंद्र सरकारने प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक केले, आणि २०१८च्या मार्चमध्ये न कळवणाऱ्यावर दंडसंहितेखाली कारवाईची तरतूद झाली. त्यानंतर ‘तुम्ही महिन्याला क्षयाचे किती रुग्ण बघता?’ हा निरागस प्रश्न उरलेला नाही. प्रश्न तुम्ही संशोधनासाठी विचारता, ऐकणाऱ्याला तो जबाबासारखा ऐकू येतो.

बेंगळुरूत हेच दुसऱ्या कायद्याच्या निमित्ताने दिसते. कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापनांचा कायदा २००७चा आहे आणि प्रत्येक दवाखान्याला त्याखाली नोंदणी करावी लागते. संशोधकाच्या दृष्टीने ही सोन्यासारखी यादी. पण २०१७मध्ये त्या कायद्यातल्या दुरुस्त्यांविरुद्ध खासगी डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभाग बंद ठेवून मोठे आंदोलन केले होते. ‘तुमचे नाव सरकारी यादीतून घेतले’ असे सांगत तुम्ही दारात उभे राहिलात, तर समोरच्याला काय वाटेल याचा विचार करा. यादी चांगली आहे म्हणून वापराच, पण ओळख करून देताना महाविद्यालयाचे पत्र पुढे करा.

याद्यांबद्दल आणखी एक सांगायला हवे, कारण ‘वैद्यक परिषदेची नोंदवही आहे ना’ असे म्हणून विषय संपत नाही. सुधीर आनंद आणि व्हिक्टोरिया फॅन यांनी २००१च्या जनगणनेवरून भारतातल्या आरोग्य-मनुष्यबळाचा अभ्यास केला. जागतिक आरोग्य संघटनेने तो २०१६मध्ये प्रसिद्ध केला. स्वतःला अॅलोपॅथिक डॉक्टर म्हणवणाऱ्यांपैकी सुमारे ५७ टक्क्यांकडे वैद्यकीय पात्रताच नव्हती. म्हणजे परिषदेच्या नोंदवहीतून नमुना काढाल तर रुग्ण ज्यांना ‘डॉक्टर’ म्हणतात त्यांतले बरेच तुमच्या चौकटीबाहेरच राहतात. ते प्रतिसाद न देणारे नव्हेत. त्यांना तुम्ही विचारलेलेच नाही. प्रतिसादाचे प्रमाण १०० टक्के आले तरी ही चूक भरून निघणार नाही.

आणि १०० टक्क्यांची मला वेगळी धास्ती वाटते. आशा कार्यकर्त्यांचे उदाहरण घ्या. प्रत्येकीचा फोन नंबर वरिष्ठांकडे असतो, काम अॅपवर नोंदवले जाते, साहेबांनी गटावर लिंक टाकली की संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे फॉर्म भरून येतात. कागदावर याहून सापडायला सोपा समूह नाही. पण ‘हे अॅप वापरायला कसे वाटते?’ हा प्रश्न मानधन ज्या यंत्रणेतून येते तिच्यामार्फत विचारला, तर उत्तर काय येणार? २०२५च्या जानेवारीत याच बेंगळुरूत, फ्रीडम पार्कवर, कर्नाटकातल्या आशा कार्यकर्त्या महिना १५,००० रुपये मानधनाच्या मागणीसाठी थंडीत रात्रंदिवस बसल्या होत्या. ज्या माणसांना इतके काही सांगायचे असते, त्यांच्याकडून सगळे रकाने ‘समाधानी’ असे भरून आले तर सर्वेक्षण यशस्वी झाले असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर त्यांच्या भाषेत, त्यांच्या वेळेला, आणि पर्यवेक्षिका शेजारी नसताना पोहोचावे लागते. बेळगावसारख्या ठिकाणी तर प्रश्नावली कन्नड आणि मराठी दोन्हींत न्यावी लागेल. इंग्रजी फॉर्म तिथे आपोआप एका थराला गाळून टाकतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ओळखीची साखळी. एका डॉक्टरने दुसऱ्याचे नाव द्यायचे, दुसऱ्याने तिसऱ्याचे. मराठी वाचकांना याचे चांगले उदाहरण माहीत असेल. लासलगावला अनेक वर्षे व्यवसाय केलेले डॉ. अरुण गद्रे यांनी पुण्याच्या ‘साथी’ संस्थेसाठी देशभरातल्या ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या, आणि खासगी व्यवसायातल्या कट-प्रॅक्टिसपासून अनावश्यक शस्त्रक्रियांपर्यंत जे ऐकले ते मांडले. पुढे अभय शुक्ला यांच्यासह त्यांचे इंग्रजी पुस्तकही २०१६मध्ये आले. कोणत्याही लॉटरीने निवडलेल्या डॉक्टरने अनोळखी माणसाला हे सांगितले नसते. इथे विश्वास हीच नमुना-चौकट होती. एक डॉक्टर विचारत होता म्हणून दुसरे बोलले. म्हणून ‘हे प्रकार कसे चालतात’ या प्रश्नावर मी या ७८ जणांना कुठल्याही मोठ्या सर्वेक्षणापेक्षा जास्त मान देईन. मात्र ‘किती टक्के डॉक्टर असे करतात’ हा प्रश्न या पुस्तकाला विचारू नये. लेखकाने विवेकी डॉक्टर शोधून निवडले हे लपवलेले नाही. अशा साखळीतून टक्केवारी काढणारा वाचकच चुकतो.

तुमच्या प्रकल्पांत मात्र या दोन्हींची खिचडी होते. कुणाची तरी आतेबहीण डॉक्टर असते, ती लिंक आपल्या बॅचच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकते, आठवड्यात चाळीसेक फॉर्म येतात, आणि अहवालात वर्तुळालेख उमटतो: ‘८५ टक्के डॉक्टरांना असे अॅप हवे आहे.’ हे ओळखीच्या साखळीने मिळवलेले उत्तर आहे आणि टक्केवारीच्या भाषेत लिहिलेले आहे. ते चाळीस जण एकाच महाविद्यालयाचे, एकाच वयाचे, फोनवर फॉर्म भरायला तयार असलेले आहेत. नेमक्या याच गुणांमुळे त्यांना अॅपही हवे आहे. मग अॅप बनते, आणि धारावीसारख्या वस्तीतल्या दवाखान्यात ते कुणी उघडत नाही.

किती नुकसान होऊ शकते ते आकड्यांत बघू. समजा शहरात १,००० दवाखाने आहेत, ३०० जणांनी उत्तर दिले, त्यांतले १८० बरोबर. तुम्ही लिहिता ६० टक्के. पण न बोललेल्या ७०० जणांबद्दल काहीही गृहीत न धरता बोलायचे तर खरा आकडा १८ ते ८८ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. सगळे चुकीचे असतील तर १,०००त १८०, सगळे बरोबर असतील तर ८८०. एवढे प्रामाणिक वाक्य मी अजून कुठल्या प्रकल्प-अहवालात वाचलेले नाही.

उत्तरे वाढवण्याचे उपाय पुस्तकांत भरपूर आहेत आणि ते खोटे नाहीत. प्रश्न थोडे ठेवा. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१मध्ये ब्रिटनच्या सुमारे ६०,००० डॉक्टरांना धूम्रपानाबद्दल मोजकेच, सोपे प्रश्न पाठवले. ४०,०००हून अधिक उत्तरे आली. इतके असूनही पहिल्या काही वर्षांत उत्तर देणाऱ्यांतला मृत्युदर एकूण डॉक्टरांपेक्षा कमी भरला, कारण अंथरुणाला खिळलेला माणूस पत्रोत्तर लिहीत बसत नाही. मोबदला द्यायचा तर आधी द्या: १९८७च्या एका अमेरिकी प्रयोगात २० डॉलर प्रश्नावलीसोबत पाठवले तेव्हा ७८ टक्के डॉक्टरांनी उत्तर दिले, नंतर देऊ म्हटले तेव्हा ६६ टक्क्यांनी. आपल्याकडे मात्र पाकीट पुढे करण्याआधी दहादा विचार करावा. औषध-कंपन्यांकडून भेटी घेण्यास डॉक्टरांना २००९पासून नियमाने बंदी आहे, आणि ‘सर्वेक्षणाचे मानधन’ या शब्दांना इथे वेगळाच वास येतो. विद्यार्थ्याने पैसे देऊच नयेत असे माझे मत आहे. निकालाची एक पानभर प्रत परत नेऊन द्यावी. ते कुणीच करत नाही, म्हणून ते लक्षात राहते.

पण तुमच्या हातातला सगळ्यांत चांगला उपाय १९४६चा आहे आणि तो प्रतिसाद वाढवण्याचा नाहीच. मॉरिस हॅन्सेन आणि विल्यम हर्विट्झ यांनी सुचवले: जे बोलले नाहीत त्यांच्यातून पुन्हा चिठ्ठ्या टाकून थोडे निवडा, आणि आता सगळी शक्ती त्या थोड्यांवर लावा. समजा तुम्ही ६० दवाखाने निवडले आणि २४ जणांनी उत्तर दिले. त्यांतले १८, म्हणजे ७५ टक्के, रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवतात. उरलेल्या ३६मधून चिठ्ठीने ९ निवडा. त्यांच्याकडे दुपारी जा, संध्याकाळी जा, कंपाउंडरला विचारून रविवारी जा, कागदावर चारच प्रश्न न्या. समजा नऊही जण बोलले आणि ३ जण संगणक वापरणारे निघाले. आता हे ३ म्हणजे ३६तल्या १२ जणांचे प्रतिनिधी. अंदाज १८ अधिक १२, भागिले ६०: ५० टक्के. सगळे फॉर्म नुसते एकत्र केले असते तर ३३त २१, म्हणजे ६४ टक्के आले असते. आणि नऊ जणांमागे गेलाच नसता तर ७५. तीन आकडे, कष्टांतला फरक नऊ दवाखान्यांचा. नऊंतले दोघे तरीही बोलले नाहीत, तर तेही लिहा. उरलेली अनिश्चितता तेवढीच मोठी होते, नाहीशी होत नाही.

हे करायचे तर एक वही लागते, आणि ती वही मी फॉर्मपेक्षा महत्त्वाची मानतो. दवाखाना क्रमांक, कोणत्या वारी किती वाजता गेलो, दार बंद होते की कंपाउंडरने परतवले की डॉक्टरने स्वतः नाही म्हटले, नकाराचे कारण सांगितले का. ‘प्रतिसाद मिळाला नाही’ या एका खान्यात ही सगळी वेगवेगळी माणसे कोंबली जातात. बंद पडलेला दवाखाना आणि बोलायला घाबरणारा डॉक्टर ही दोन सर्वस्वी वेगळी माहिती आहे. मुंबईच्या त्या अभ्यासांत मला सर्वांत जास्त वाचायला आवडले असते ते हेच: ज्यांनी लिहायला नकार दिला ते कोण होते, आणि ते सीएमईला न आलेल्यांसारखे होते का.

स्वाध्याय: (१) तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून आरोग्यविषयक कोणतेही दोन जुने प्रकल्प-अहवाल घ्या. प्रत्येकातले ‘डॉक्टर’ कोणत्या दाराने आले हे एका वाक्यात लिहा. अहवालावरून ते कळत नसेल तर तसे लिहा. (२) त्या दारामुळे निकाल कोणत्या दिशेला झुकला असेल? झुकाव लक्षात घेऊनही टिकणारे एक विधान आणि न टिकणारे एक विधान निवडा. (३) तुमच्या राहत्या वॉर्डातील एका रस्त्यावरचे सगळे दवाखाने, पाटी कोणत्याही पदवीची असो, चालत जाऊन मोजा. मग तीच मोजणी इंटरनेटवरच्या नकाशावरून करा. दोन्ही आकडे आणि नकाशावर न सापडलेल्या दवाखान्यांच्या पाट्यांवरचा मजकूर, डॉक्टरांची नावे गाळून, पुढच्या तासाला घेऊन या.